जोर लावणारी माणसं

घट्ट बसलेली वस्तू दिसली की काही माणसांच्या अंगात वारं शिरतं. लोणच्याच्या बरणीचं झाकण असो की सायकलचा नट, "आण इकडे, तुला नाही जमायचं" असं म्हणत ती पुढे सरसावतात आणि मग काहीतरी मोडल्याचा आवाज येतो. अशा माणसांना जुन्या जपानी तलवारीपासून चार हात लांब ठेवावं. एरवी भीती पात्याची असते. इथे खरी काळजी मुठीची.

गंमत अशी, की ही तलवार मुळातच सुटी करण्यासाठी घडवलेली असते. सामुराईच्या हातातलं सगळं शौर्य एका बांबूच्या मेखेवर टिकून असे. तिला 'मेकुगी' म्हणतात. लांबी जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. मूठ होनोकी लाकडाची. हे झाड आपल्या सोनचाफ्याच्या कुळातलं. लाकडाचे दोन भाग आतून कोरायचे, जोडायचे, वर पाकट माशाचं खरखरीत कातडं चढवायचं आणि त्यावर रेशमी फीत गुंडाळायची. पात्याचा मागचा, न घासलेला भाग, म्हणजे 'नाकागो', या मुठीत शिरतो आणि आरपार भोकातून मेख ठोकली की काम झालं. पातं घडवणारा वेगळा, त्याला धार आणि झिलई देणारा वेगळा, मूठ करणारा वेगळा. प्रत्येकाला आपापलं काम करायला तलवार उघडावीच लागे, म्हणून ती उघडण्याची सोय आधीच करून ठेवलेली.

मग ती अडते कशी? 1876 मध्ये मेइजी सरकारने तलवार लावून हिंडायला बंदी केली. तलवारीचे सुटे भाग नक्षीने मढवणाऱ्या कारागिरांचं गिऱ्हाईक गेलं. या कामात नावाजलेले कानो नात्सुओ तर नव्या नाण्यांची नक्षी करण्याकडे वळले होते. तलवारी पेट्यांमध्ये आणि माळ्यांवर गेल्या. जी वस्तू वरचेवर उघडून पुसायची, ती वर्षानुवर्षं कुणी उघडलीच नाही. आत लोखंडाला गंज, तांब्याला हिरवा कळंक, जूनच्या ओल्या हवेत लाकूड फुगलेलं. त्यात एखाद्या मायाळू वारसाने मूठ हलते म्हणून आत गोंद ओतलेला, नाहीतर मेख हरवली म्हणून चक्क खिळा ठोकलेला. गंजापेक्षा मायेने केलेली डागडुजी सोडवणं अवघड, हे जपानातच काय, कुठल्याही घरात खरं आहे.

सोडवण्याची पहिली पायरी म्हणजे नुसतं बघणं. मेख एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक असते. ठोकायची ती बारीक बाजूने. उलटीकडून घाव घातले तर ती आणखी घट्ट रुतते आणि जोर लावणाऱ्याला आपण प्रगती करतोय असं वाटत राहतं. यासाठी पितळेची चिमुकली हातोडी मिळते. तिच्यासोबतच्या बोथट कांडीने हलके ठोके द्यायचे.

मेख निघाली, तरी मूठ ओढायची नाही. डाव्या हाताने मुठीचं टोक धरून पातं उभं, किंचित तिरकं ठेवायचं आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर ठोसा द्यायचा. हादऱ्याने पातं आतल्या आत सुटतं. पहिला ठोसा अगदी हलका. आखूड पात्याची मूठ सैल निघाली तर पातं उडी मारतं. तरीही अडलं, तर पात्यावर बसेल अशी खाच पाडलेला लाकडी ठोकळा मुठीपुढच्या चकतीला टेकवून मोगरीने टिचक्या माराव्यात; एक पाठीकडून, एक धारेकडून, आळीपाळीने. एकाच बाजूने मारलं की मूठ तिरपी होऊन जास्तच आवळते.

ही चकती म्हणजे 'त्सुबा'. तिच्या मधल्या भोकाच्या दोन टोकांना पुष्कळदा तांब्याचे छोटे तुकडे बसवलेले दिसतात. एकाची त्सुबा दुसऱ्या पात्याला लावायची, तर हे मऊ तांबं ठोकून भोक मापाचं करून घेत. एकेका त्सुबाने अशी अनेक पाती पाहिलेली असतात. म्हणून ती अडली तरी लाकडानेच, हळूहळू, नाकागोच्या दिशेने सरकवायची. पक्कड लावली तर तिच्यावरचा वर्षानुवर्षं मुरलेला काळसर थर एका ओरखड्यात जातो. तेल ओतलं तर ते लाकडात मुरून बसतं, आणि उष्णता दिली तर पात्याचं पाणी उतरण्याचा धोका.

शेवटी मूठ निघते आणि नाकागो दिसतो: काळाकभिन्न, गंजलेला. जोर लावणाऱ्या माणसाचा हात इथे शिवशिवतो. पॉलिश पेपर कुठेय? पण हा गंज म्हणजे तलवारीचा जन्मदाखला. त्याच्या रंगावरून आणि पोतावरून जाणकार वयाचा अंदाज बांधतात. घडवणाऱ्याची सही असली तर ती याच भागावर कोरलेली असते. तो घासून चकाचक केला, की तलवारीची किंमत आणि इतिहास दोन्ही कचऱ्यात. इतकी शतकं लोखंडाच्या एका टोकाला नियमाने तेल-पाणी आणि दुसऱ्याला मुद्दाम हात न लावणं, हे ज्यांना जमलं त्यांचं मला फार कौतुक वाटतं. आपल्याला साफसफाईचा झटका आला की घरात काहीच सुटत नाही.

तेव्हा अशी तलवार कधी हाती आलीच, तर मेख बारीक बाजूने ठोका आणि गंजाला हात लावू नका. चार टिचक्यांनी नाही सुटली, तर पाचवी मारू नका, जाणकाराकडे न्या. बंद राहिलेली मूठ पुढच्या पिढीतही उघडता येते, फुटलेली मात्र नवीच करावी लागते.