वाढत्या अंगाची पिशवी

प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक सेक्रेटरी असतो, एक पाण्यावरून भांडणारा असतो आणि एक पिशवीकाकू असतात. सेक्रेटरी निवडणुकीत पडू शकतो, भांडणाऱ्याची परगावी बदली होऊ शकते. पिशवीकाकू मात्र तहहयात.

इमारतीतलं एखादं मूल बालवाडीच्या वयाचं झालं, की ही बातमी शाळेआधी काकूंना लागते. त्या पोराला जिन्यात गाठतात, पाठ फिरवायला लावतात, खांद्यापासून कमरेपर्यंत वीत टाकतात आणि आईला बजावतात, "विकतचं काही आणू नकोस गं. मी आहे ना!" या 'मी आहे'पुढे आजवर कुठल्याही आईचं काही चाललेलं नाही. एका बापाने धीर करून सांगून पाहिलं, की 2020च्या राष्ट्रीय स्कूल बॅग धोरणाप्रमाणे बालवाडीतल्या मुलांना दप्तरच नको. "दप्तर कोण देतंय? मी पिशवी देतेय," काकू म्हणाल्या. धोरण तिथेच बारगळलं.

काकूंच्या घरातला दिवाण झोपण्यासाठी नाही. त्याच्या पोटात पडद्यांची उरलेली कापडं, काठ शाबूत पण अंग विरलेल्या साड्या, उशांचे अनाथ अभ्रे आणि हळदीकुंकवाला मिळालेले ब्लाउजपीस आहेत. आपल्याकडे ब्लाउजपीस शिवायचा नसतो, फिरवायचा असतो. चैत्रात शेजारणीने दिलेला पीस संक्रांतीला तिच्याच जावेच्या ओटीत पडतो. ही अखंड यात्रा थांबवण्याची ताकद फक्त काकूंच्या कात्रीत आहे. त्या सरळ त्याचं अस्तर करतात.

वरच्या कापडासाठी काका आहेत. म्हणजे काकांच्या जीन्स आहेत. "अहो, ही हल्ली फार घालत नाही ना तुम्ही?" हा काकूंचा प्रश्न नसतो, जप्तीची नोटीस असते. दोरीवर वाळणाऱ्या पँटीकडे त्या अशा काही नजरेने बघतात, की काका हल्ली स्वतःचे कपडे दमट असतानाच आत आणतात. घरातल्या कामाला हात लावतात म्हणून शेजारपाजारी त्यांचं कौतुक होतं, तेवढीच भरपाई. शर्टही सुटत नाहीत. त्यांचे खिसे जसेच्या तसे पिशवीच्या आतल्या बाजूला बसतात. एका लहानग्याला अशा खिशात काकांची विजेच्या बिलाची पावती सापडली होती. काका ती चार महिने शोधत होते.

चेन, रनर आणि पट्ट्याची नेवार आणायला मात्र काकू रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जातात. दुकानदार मीटरवर चेन मोजून देतो. काकू रनर तिथेच चढवतात आणि मागचं गिऱ्हाईक कंटाळून निघून जाईपर्यंत तो पुढे-मागे सरकवून बघतात.

काकूंचं शिवण मात्र चोख, इथे थट्टेला जागा नाही. सुती कापड आधी रात्रभर भिजतं. आटायचं ते शिवण्याआधीच आटलं पाहिजे. लाल खण पांढऱ्या चिंधीसोबत पाण्यात पडतो, म्हणजे रंग सोडतो की नाही ते कळतं. जीन्ससाठी मशीनला सोळा नंबरची सुई आणि जरा मोठी टीप. अस्तर आणि वरचं कापड उलट्या बाजूने जोडायचं, थोडी फट ठेवायची आणि त्या फटीतून अख्खी पिशवी बाहेर ओढून सुलटी करायची. तळाचे दोन कोपरे आडवी टीप मारून आत घेतले की पिशवीला बूड येतं आणि ती आपली आपण उभी राहते. पट्टा बसतो तिथे टिपेचा चौकोन आणि चौकोनात फुली. लांब नाडी नाही, कारण ती गळ्याभोवती जाते. बटण नाही, कारण ते तोंडात जातं.

मग परीक्षा. पिठाने भरलेला डबा घालून पिशवी रात्रभर दाराच्या कडीला टांगतात. सकाळी कडी सैल झालेली असते, पट्टा नाही.

इतकं सगळं झाल्यावर पिशवी मुलाच्या पाठीवर चढते आणि मुलगा दिसेनासा होतो. मागून बघणाऱ्याला जिना उतरणारी एक पिशवी तेवढी दिसते, खाली दोन छोटे बूट. कारण काकूंच्या घरी सगळं वाढत्या अंगाचं. "वाढेल की तो!" हे त्या अशा विश्वासाने म्हणतात, की मुलाला उद्या सकाळपर्यंत वाढण्याची जबाबदारी वाटू लागते.

पिशवीवर पॅचवर्कचा एक प्राणीही असतो. मुलाला स्पायडरमॅन हवा असतो. "हे डुक्कर आहे?" तो विचारतो. आई त्याला चिमटा काढते. "हत्ती आहे बाळा," काकू सांगतात, "सोंड धुतल्यावर मोकळी होईल."

पहिले काही दिवस आई ती पिशवी शाळेच्या फाटकापर्यंत घडी करून काखेत नेते. जूनमध्ये हौसेने आणलेलं चकचकीत दप्तर रुबाबात मिरवतं आणि दिवाळीच्या आत त्याची चेन दात टाकते. मग पिशवी बाहेर निघते. तिच्यात डबा जातो, रंगपेटी जाते, मैदानातले दगड जातात, अर्धी पोळी जाते आणि अर्धी पोळी तिथेच राहते. 2018 साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा सोसायटीतल्या आयांनी मुलांच्या पिशव्या भाजीसाठी बळकावल्या. मंडईच्या रांगेत एकामागून एक हत्ती उभे राहिले. सरकारने अखेर आपलं ऐकलं, असं काकूंचं प्रामाणिक मत आहे.

मूल वाढतं, पिशवीच्या मापाचं होतं, मापाबाहेरही जातं. पिशवी धाकट्या भावंडाकडे येते आणि पुन्हा जमिनीवरून फरफटू लागते. उसवत मात्र नाही.

तेव्हा पिशवीकाकूंची पिशवी आली तर निमूट घ्या. हत्तीला हत्ती म्हणा. आणि घरात एखादी जुनी जीन्स असेल तर ती काकांच्या हातात नेऊन द्या. त्यांच्याकडे आता दोनच उरल्या आहेत, आणि तिसऱ्या मजल्यावर परवाच बारसं झालं.