आठ नंबरचे बूट

परतवाड्याहून धारणीकडे निघालेली एसटी सेमाडोहला थांबली की लोक खाली उतरतात. कोणी चहाला, कोणी रबडीला. आमचे लास्टडेट भाऊ मात्र त्याच वेळी गाडीत चढतात. जायचं कुठंच नसतं. विशी-बाविशीचा पोरगा, मांडीवर प्लॅस्टिकची फाईल, असं दृश्य दिसलं की भाऊ त्याच्यासमोर हजर.

‘‘फारम भरला का?’’

‘‘कोणता?’’

‘‘म्हंजे नाई भरला. उतर खाली.’’

आणि पोरगा खरोखर उतरतो. मीही एकदा असाच उतरलो होतो. गाडी गेली, पण फॉर्म भरून झाला.

भाऊंचं खरं नाव बहुधा पोस्टमनलाच ठाऊक. वनरक्षक, तलाठी, पोलीस, कोणतीही भरती निघो, शेवटची तारीख यांना तोंडपाठ. गावाबाहेरच्या चढावर एका धोंड्यापाशी मोबाईलला दोन काड्या मिळतात, ते त्यांचं ऑफिस. ओटीपी यायचा असला की तिथं कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही, वाघाच्या पाणवठ्यावर बसल्यासारखं गप्प राहायचं. एकदा कोणाला शिंक आली आणि त्याच क्षणी रेंज गेली. ते पोरगं अजून भाऊंच्या नजरेतून उतरलेलं आहे. याच रस्त्यावरचं हरिसाल २०१६ साली ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजलं, तेव्हा भाऊ एवढंच म्हणाले, ‘‘आपला धोंडा त्याच्या आंदीपासून हाये.’’

एरवी नोकरीची बातमी म्हणजे झाकून ठेवायची वस्तू. पेपरातली जाहिरात हळूच फाडून खिशात घालणारे मी पाहिले आहेत. त्यातला एक मीच. भाऊंचं उलटं. २०२३ साली तलाठ्याच्या ४,६४४ जागा निघाल्या आणि १० लाखांवर अर्ज पडले. तेव्हा मी कुरकुरलो, ‘‘भाऊ, गावभर कायले सांगता? आपलीच स्पर्धा वाढते ना.’’

‘‘धा लाखांत आपले चार पोट्टे गेले त गर्दी वाढली का रे? अन् लागला एखादा, त सातबाऱ्याले चकरा त नाई माराव्या लागनार!’’

यावर काय बोलणार?

शिंप्याचा जुना टेप भाऊंच्या गळ्यात कायम. वनरक्षकाला छाती ७९ सेंटिमीटर लागते आणि फुगवून ८४, म्हणून दिसेल त्याची छाती मोजायची. ‘‘धर श्वास... धर... आता सोड.’’ एकदा रबडी खायला थांबलेल्या पर्यटकाचीही मोजली. तो बिचारा जंगल पाहायला आला होता. ‘‘तीन कमी पडते साहेब’’ हे ऐकून खिन्न मनानं कोलकासला गेला.

आणि ते बूट. आठ नंबरचे, पळायचे, एकच जोड. ५ किलोमीटरच्या धावेला पहिल्या तुकडीतला पोरगा धापा टाकत आला की भाऊ त्याला पाणी देण्याआधी त्याच्या नाड्या सोडायला बसायचे, कारण दुसऱ्या तुकडीतला अनवाणी उभा असायचा. सात नंबरवाल्यासाठी पुढं कागदाचा बोळा, तोही मुदत संपलेल्या जाहिरातीचा. नऊ नंबरवाल्यानं बोटं आखडून पळायचं. सवलत धरूनही वनरक्षकाला ३२ची वयोमर्यादा, ती भाऊंनी कधीच ओलांडली. पण बूट दर भरतीला पळतच होते.

गेल्या पावसाळ्यात तो नऊ नंबरवालाच लागला. पहिल्या पगारात त्यानं भाऊंना नवे कोरे बूट आणले आणि जुने, तळ सुटले म्हणून, परस्पर फेकून दिले. पोरगा पाया पडत होता. भाऊंचं लक्ष तळव्यावरच्या आकड्याकडे.

‘‘नऊ?’’ ते हताश होऊन म्हणाले. ‘‘नऊचा त तूच होता एकटा. आता हे कोनाले घालू?’’

बराच वेळ ते खाली बघत बसले. मग त्यांची नजर सरकत सरकत माझ्या चपलेवर आली. माझं वय एक्केचाळीस, पोट त्याहून पुढं. मी पाय हळूच बाकाखाली ओढून घेतले.

तोवर टेप गळ्यातून निघाला होता.