मामा ड्यूटीवर

विनूमामांच्या घड्याळात पावणेसात कधी वाजत नाहीत. सहा चव्वेचाळीस वाजतात, नाहीतर सहा सत्तेचाळीस. कल्याणच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये ते फिटर म्हणून चिकटले आणि तिथूनच रिटायर झाले. आता पाहुण्यांना उशीर झाला की ते "आउटरला अडकले असतील" म्हणतात, आणि मामी दुपारी आडवी झाली की दारातूनच हलक्या आवाजात सांगतात, "आत मेगाब्लॉक आहे." रेल्वे कॉलनीत आयुष्य काढलेला असा एक तरी मामा आपल्याकडे दर चार घरांमागे सापडतो. तो रजेवर असतो, पेन्शनवर असतो, पण ड्यूटी काही संपत नाही.

दिल्लीची सहल ठरली तेव्हा मामीला लाल किल्ला आणि सरोजिनी नगरचा बाजार हवा होता. मामांनी चाणक्यपुरीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय पहिल्या दिवशी टाकलं. तो नेमका सोमवार, आणि सोमवारी संग्रहालय बंद. "मेंटेनन्स असणार," मामा समाधानानं म्हणाले. मंगळवारी सगळी वरात पुन्हा दारात. तिकिटाच्या खिडकीत मामांनी आधी रेल्वेचा पास सरकवला. तो इथे चालत नाही हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की मामी म्हणाली, "अहो, भरा पैसे. तुम्हाला काही विदाउट पकडलेलं नाही."

1977 सालापासून हे संग्रहालय उघडं आहे. चांगली ऐसपैस जागा, झाडं, उघड्यावर उभी इंजिनं. इतर माणसं इथे फोटो काढतात. मामा तपासणी करतात. ते आधी वाकून चाकं पाहतात, मग पाटी वाचतात, आणि पाटीवर त्यांचा विश्वास नसतो.

पतियाळाची मोनोरेल पाहून पोरं हरखली. 1907 च्या सुमाराची ही गाडी एकाच रुळावर चाले आणि तोल सांभाळायला बाजूचं मोठं चाक रस्त्यावरून पळे. सुरुवातीला ती जनावरं ओढत, वाफेचं इंजिन नंतर आलं. मामांनी दोन फेऱ्या मारल्या आणि निकाल दिला, "एक रूळ वाचवला. हा इंजिनिअरचा उद्योग नाही, अकाउंट्सवाल्याचा आहे."

1894 साली एका मेलगाडीवर चालून गेलेल्या हत्तीची कवटी इथे ठेवली आहे. धाकट्या भाच्याला हत्तीचं वाईट वाटलं. मामांनी विचारलं, "गाडी किती लेट झाली, ते लिहिलंय का?"

राजेरजवाड्यांच्या सलूनांपाशी मामी रमली. बडोद्याच्या गायकवाडांचा डबा, म्हैसूरच्या महाराजांचा डबा, आत कोरीव लाकूड, गाद्या. मामा मात्र बाहेरच उभे. "बसणाऱ्याचं नाव आहे," ते म्हणाले, "चालवणाऱ्याची पाटी कुठंय?" मामांच्या बोलण्यातलं निम्मं मी सोडून देतो, हे मात्र सोडवत नाही.

मग खेकडा दिसला आणि मामा थांबले.

खेकडा म्हणजे 1928 च्या आसपास आपल्या घाटांसाठी आणलेलं मालगाडीचं विजेचं इंजिन. पुढे-मागे दोन लांब नाकं, मध्ये खोली, आणि नाकं बिजागरीसारखी जोडलेली, म्हणजे बोरघाटाच्या वळणावर अंग मोडून वळायला मोकळं. चाकांना वाफेच्या इंजिनासारखे दांडे. उभं असलं तरी आतून कण्हत असायचं. सदतीस फुटांत एक फूट चढणारा घाट या इंजिनांनी साठेक वर्षं ओढला. जगभर याच्या जातीला मगर म्हणतात, आपल्याकडे खेकडा.

मामांनी दांड्यावर हात ठेवला. लगेच शिट्टी. "अंकल, हाथ मत लगाइए."

"भाईसाब," मामा म्हणाले, "मैंने जिंदगीभर और क्या किया?"

रखवालदार हसला आणि दुसरीकडे बघत उभा राहिला. मग मामांनी तासभर त्याला आणि जमलेल्या सात-आठ अनोळखी लोकांना ग्रीस कुठे भरायचं, पावसाळ्यात काय बिघडायचं, कुठला नट नेहमी दगा द्यायचा, सगळं दाखवलं, अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत. मामीनं तोवर बाकावर डबा उघडून मेथीचे पराठे पोरांना वाटून टाकले होते. तिला ही व्याख्यानं पाठ आहेत. मध्येच मामा एक शब्द विसरले तो तिनं बाकावरूनच पुरवला.

शेवटी पोरांच्या हट्टानं छोट्या गाडीची फेरी झाली. मामा सर्वांत मागे बसले आणि गाडी सुटताना त्यांनी खिशातला हिरवा रुमाल बाहेर काढून हलवला. गाडी त्याआधीच सुटली होती. "गार्डची वाट न बघता," ते रात्रीपर्यंत पुटपुटत होते.

परतीच्या प्रवासात मी सांगितलं, की असाच एक खेकडा सीएसएमटीला अठरा नंबर फलाटाजवळच्या हेरिटेज गल्लीत उभा आहे; एवढ्यासाठी दिल्ली कशाला?

"तो माहीत आहे रे," मामा म्हणाले. "तो घरचा. बदली होऊन लांब गेलेल्याला भेटायला जावं लागतं."

तुम्ही मुंबईचाच पाहा, बिघडत नाही. फक्त जाताना ओळखीतला कुणी शेडमधला म्हातारा बरोबर न्या आणि डबा जरा जास्तीचा घ्या. वेळ लागतो.