हात वर, रस्ता पार

तोक्योच्या एदोगावा भागात, निशी-कासाईत, भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ एदोगावाच्या सभागृहात निवडूनही आले. तरी जपानचा मागासलेपणा काही जाईना. पहिलीतलं पोर पिवळी टोपी घालून आईबापांशिवाय चालत शाळेत जातं. वर्गही स्वतःच झाडतं!

या बाबतीत डोंबिवली कितीतरी पुढारलेली. इथे दप्तर आजोबा वाहतात, घास आजी भरवते, प्रोजेक्ट आई करते. आता परीक्षाही बाबांनीच दिली, की बालकल्याण पूर्ण.

सुट्टीत जपानहून आलेल्या एका नातवानं डोंबिवलीचा मानपाडा रस्ता ओलांडताना, जपानी शाळेत शिकवल्याप्रमाणे, हात वर केला.

तीन रिक्षा थांबल्या.

“स्टेशन?”