180 ग्रॅम

रेकॉर्ड हातात घेऊन मी दुकानदाराला पहिला प्रश्न विचारला, "पूर्ण 180 ग्रॅमची आहे ना?" जॅझमधलं मला फारसं कळत नाही, पण वजन कळतं. खाच जाड रेकॉर्डवरही तेवढीच खोल असते, हे नंतर समजलं. तोवर मी ते 180 ग्रॅम चार मित्रांच्या हातात देऊन तोलून दाखवले होते.

बिल एव्हान्सचं 'वॉल्ट्झ फॉर डेबी'. मूळ 1962चं, आता नव्याने छापलेलं. हेच सगळं माझ्या फोनमध्येही आहे. पण फोन काही पाहुण्यांना दिसेल असा शोकेसमध्ये तिरका उभा करता येत नाही.

घरात जमावबंदी लागू केली. कुकर आधी, मिक्सर नंतर, मध्ये अवाक्षर नाही. नसलेली धूळ ब्रशने पुसली, श्वास रोखून सुई टेकवली. पियानो सुरू झाला, आणि पाठोपाठ किणकिण. मग कुणीतरी बोललं.

"अहो, यांच्याकडे भांडी आत्ताच घासतात का?" बायको म्हणाली.

भांडी नव्हेत, दारूचे ग्लास. 25 जून 1961, रविवार, न्यूयॉर्कचा 'व्हिलेज व्हॅनगार्ड' हा तळघरातला क्लब. दुपार-रात्र मिळून पाच बैठका झाल्या, त्यांतलं हे ध्वनिमुद्रण. पियानोवर एव्हान्स, डबल बेसवर स्कॉट लाफारो, ड्रमवर पॉल मोशन आणि ग्लासांवर उपस्थित मंडळी.

या मंडळींचे भाऊबंद आपल्या नाट्यगृहांत असतात. ऐन आलापीत वेफर्सचं पाकीट काढतात. बरं, फोडायचं तर एकदाच टर्रकन फोडा, एका मात्रेत संपेल. पण यांच्यावर संस्कार असतात. कुणाला त्रास नको म्हणून ते पाकीट विलंबितात फोडतात. आधी कोपरा चाचपणार, मग थोडंसं चर्र, मग आपलं कुणी ऐकलं का म्हणून थांबणार. समेला पहिला वेफर तोंडात. त्यानंतर ते शेजाऱ्यापुढे पाकीट धरतात. एकदा मी घेतलाही. खारा होता, छान होता.

त्या रविवारानंतर अकरा दिवसांनी, 6 जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता. पुढे कित्येक महिने एव्हान्स लोकांसमोर वाजवायला बसला नाही. हे तिघे पुन्हा एकत्र ऐकायला मिळणार नाहीत, हे त्या ग्लासवाल्यांना कुठून कळणार?

आमचे बाबा रविवारी तबकडी लावून डोळे मिटून बसायचे आणि आम्ही आत-बाहेर धावत क्रिकेटचा स्कोअर ओरडायचो. "गप रे जरा," ते म्हणायचे. डोळे न उघडता. ते गेल्यावर माळा रिकामा करताना त्या तबकड्या मी रद्दीवाल्याला दिल्या. त्याने वजन केलं. तेव्हा मी काट्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

दुसरी बाजू लावली. थोड्या वेळाने बायको म्हणाली, "तो जाड तारांवाला काय सुंदर वाजवतोय हो."

नियम मोडला होता, पण मी काही बोललो नाही. ती उठून आत गेली. मग कुठेतरी वाटी पडल्यासारखा आवाज आला. न्यूयॉर्कला की आमच्या ओट्यावर, ते मला लगेच सांगता आलं नाही.