रडायला चला, गोल बाजारात!

ऐकलंत का? आपल्या रायपूरच्या गोल बाजारात हळद, मौळी, मुंडावळ्यांपासून थेट तिरडीच्या सामानापर्यंत सगळं मिळायचंच. आता तिथं उभ्याउभ्या निर्वासितांचं दुःखही वाटून घेतात म्हणे! तात्यापारा मोहल्ल्यातल्या दोन वहिनी समोरासमोर आल्या की पूर्वी सुनांचा उद्धार व्हायचा. आता 'द काइट रनर' ही काबूल सोडून पळालेल्यांची कादंबरी वाचून कोण किती रडलं, याची चढाओढ. एकीला म्हणे तीन रात्री झोप नाही. मग दुसरी मागे राहील? तिचं बीपी वाढलं, डॉक्टर बोलवावे लागले! मधल्यामध्ये बांगडीवाला ताटकळलेला.

काय हे दिवस! भिशीत समोशाबरोबर सीरिया? संक्रांतीला वाण म्हणून छावणीची कादंबरी? आणि ती घेताना हसायचं नाही हं, चेहरा पाडूनच घ्यायची.

अर्थात अमेरिकेपुढे आपण अगदीच कच्चे. 'अमेरिकन डर्ट' ही मेक्सिकोतून जीव मुठीत धरून पळणाऱ्या मायलेकांची कादंबरी. तिच्या कौतुकाच्या मेजवानीत टेबलांवरच्या फुलांना सजावट कसली, तर काटेरी तारेची! मुखपृष्ठाबरहुकूम तारेची नक्षी काढलेल्या नखांचा फोटोही लेखिकेनं हौसेनं मिरवला. जेवण घशाखाली उतरलं कसं या लोकांच्या? २०२० च्या जानेवारीत ओप्रा विनफ्रीनं शिफारस केली, मेक्सिकन वंशाच्या लेखकांनी झोडपलं, प्रकाशकानं लेखिकेचा दौरा गुंडाळला. आणि पुस्तक? धडाक्यात खपलं. शिव्या द्यायच्या तरी आधी वाचायला नको का?

आपलीही तऱ्हा बघा. काबूलसाठी पदर ओला, पण आपल्या शहराबाहेरचं माना म्हटलं की आपल्याला आठवतो तो फक्त विमानतळ. तिथंच १९६४ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची छावणी गजबजली होती. तिथून माणसं दंडकारण्यात धाडली. १९७८ मध्ये त्यातली हजारो उलटी सुंदरबनाकडे निघाली, मरिचझांपी बेटावर वसली आणि पुढच्याच वर्षी सरकारनं पोलीस घालून त्यांना हुसकलं. अमिताव घोषांनी २००४ मध्ये 'द हंग्री टाइड'मध्ये हे आणलं, तेव्हा कुठं आपल्याला पाझर फुटला. तोही विमानात, खिडकीजवळच्या सीटवर, मानावरूनच उडताना!

आणि आपला नेहमीचा सिंधी कापडवाला? त्याचे आजोबा फाळणीत घरदार सोडून आले. त्याला आपण कधी काही विचारलंय? विचारलंय की. 'शेवटचा भाव बोला!'

तुम्ही नाही हो त्यातले? मग उशीखाली काय दडवलंय? तात्यापाऱ्यात 'हंग्री टाइड'ची एकच प्रत फिरतेय, पानांना हळदीची बोटं लागलेली. मंगळवारी ती आमच्याकडे यायचीय. मध्ये घुसायचं नाही, सांगून ठेवते!