इंजिन बांधावे की बदलावे?

मोटारीचे इंजिन थकले, की सायलेन्सरमधून निळा धूर निघतो आणि मालक त्याला थंडीतली वाफ समजतो. मिस्त्री ऑइलचे झाकण उघडतो, आतून येणारा धूर पाहतो आणि मान हलवतो. कॉम्प्रेशन गेज कपाटातच राहते. खरे निदान त्या गेजवर होते. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकल्यावर दाब वाढला तर दोष रिंगा-बोअरचा. नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा. बोअर झिजून अंडाकृती झाला असेल तर तो मोठा करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवतात. अंदाजपत्रक मात्र रिंगांपासून निघते आणि ‘आता उघडलंच आहे तर’ या मंत्राने क्लचपर्यंत पोहोचते. नोंदणीची १५ वर्षे संपत आलेल्या गाडीवर हा खर्च करणाऱ्याला हिशेब नव्हे, माया असते.

दुसरा मार्ग भंगारातल्या इंजिनाचा. ते नेहमी ‘डॉक्टरांच्या गाडीचं, कमी चाललेलं’ असते. डॉक्टरांची गाडी भंगारात कशी आली, हे विचारायचे नसते. ब्लॉकलाच तडा असेल तर बहुधा बदलण्यावाचून इलाज नाही. नव्या इंजिनाचा नंबर आरटीओकडून आरसीवर चढवून घ्यावा लागतो. तोवर गाडी कागदोपत्री जुन्याच इंजिनावर धावते.